साहेबांच्या खोलीला आमेन

आमची बदली देवाने केली, असं मिशनचं पुण्यातलं मंडळ म्हणतं. मी म्हणते, रेव्हरंड हिवाळ्यांनी केली, आणि तीही डोळे उघडे ठेवून.

बारामतीत माझा नवरा शांतवन उजागरे मिशनच्या मुलांच्या बोर्डिंगचा सुपरिटेंडंट होता. गावोगावची गरीब पोरं तिथं राहून शिकायची. त्यांना पहाटे उठवणं, ओळीत उभं करणं, नखं बघणं, उवा बघणं, भाकरी वाढणं, घरची आठवण येऊन रडलं तर डोळे पुसणं, हे सगळं त्याचं काम. म्हणजे कागदावर त्याचं. भाकरी आणि डोळे माझ्याकडे होते, बिनपगारी. मिशनमध्ये एक माणूस कामाला ठेवला की त्याची बायको फुकट मिळते, साबणावर चमचा मिळतो तशी.

दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असायची. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळे गोल बसतात, डोळे मिटतात आणि एकामागून एक मोठ्याने प्रार्थना करतात. साखळी प्रार्थना म्हणतात तिला. एकाचं चालू असताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. तो काय वाट्टेल ते बोलो, ऐकून घ्यायचं, कारण तो तुमच्याशी बोलतच नसतो, देवाशी बोलत असतो. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो. ते म्हटलं की ती प्रार्थना तुमचीही झाली.

शांतवनचा आपला असा समज होता की देवाला मोघम मागणं आवडत नाही, तपशील द्यावा. त्या वर्षी इंदापूरचे प्रचारक निवृत्त झाले आणि जागा रिकामी पडली. बाकीचे लोक 'प्रभू, इंदापूरला कोणी तरी पाठव' एवढ्यावर भागवायचे. हा मात्र सुरू व्हायचा, "प्रभू, माणूस मधल्या वयाचा दे. मोटारसायकल चालवणारा दे. उन्हातान्हात फिरणारा, कुरकुर न करणारा दे. त्याची बायको शिकलेली आणि गळ्याने बरी असू दे. फार लेकरं नकोत प्रभू, एखादंच असावं. घरात म्हातारं माणूस असलं तर उत्तमच, गावात मान राहतो."

एका बुधवारी मंडळाचे अध्यक्ष रेव्हरंड हिवाळे पाहुणे म्हणून बसले होते. मी प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवते. कोणीतरी दुधावर लक्ष ठेवायला हवं ना. पाहते तर साहेबांचे डोळे सताड उघडे. ते शांतवनच्या खिशातून डोकावणाऱ्या मोटारसायकलच्या किल्लीकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग आमच्या एकुलत्या एका अंजलीकडे. मग भिंतीला टेकून पेंगणाऱ्या माझ्या सासूकडे, फुलाबाईंकडे. आणि मग त्यांनी जे आमेन ठोकलं, ते एमआयडीसीपर्यंत ऐकू गेलं असेल.

दिवाळीच्या सुट्टीत हुकूम आला. उजागरे यांनी बोर्डिंग सोडून इंदापूर तालुक्यात गावोगाव प्रचाराचं काम हाती घ्यावं. बोर्डिंगवर साहेबांचा भाचा आला. त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती. देव अशा माणसांवर किती माया करतो बघा.

"अहो, अंजली दहावीला आहे," मी म्हटलं. "मार्चमध्ये परीक्षा. सांगा की साहेबांना."

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, उजागरे, तुम्हीच मागितलंत."

ट्रकमध्ये सामान भरलं आणि जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी करत, उसाच्या गाड्यांमागे रखडत आम्ही निघालो. बोर्डिंगची पोरं फाटकात उभी राहून रडत होती. मी रडले नाही. मी त्या भाच्याकडे बघत होते, त्याच्या खिशात हातरुमाल आहे का ते. नव्हता. सासूबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. ती कारटी लई वरडायची."

इंदापूरला मिशनचं कौलारू घर होतं. पुढे पडवी, आत एक खोली, त्याच खोलीत गॅस, त्याच खोलीत मोरी. आणि शेजारी दुसरी खोली. हिरवं दार, दाराला मुठीएवढं कुलूप. किल्ली धोंडीबा तात्यांकडे. तात्या म्हणजे तिथल्या चर्चचे वडील, आमच्यात पंचाला वडील म्हणतात. आयुष्यभर मिशनची राखण केलेला म्हातारा. किल्ली बंडीच्या आतल्या खिशात, वर सेफ्टीपिन.

"ही कोणाची खोली?" मी विचारलं.

"साहेबांची."

"कोणत्या साहेबांची?"

"जे येतील त्यांची. आदी गोरं साहेब यायचं, आता आपलं येत्यात."

"शेवटचे कधी आले होते?"

तात्या विचारात पडले. "हिवाळेसाहेब आलं हुतं की, उन्हाळ्यात. हात धुतलं आन् गेलं."

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. लोखंडी पलंग, त्यावर गादी, गादीवर पांढरी मच्छरदाणी. ट्यूबलाइट. छताला पंखा. आणि खिडकीपाशी टेबल-खुर्ची. टेबलावर काच, काचेखाली येशूचं रंगीत चित्र, मेंढरू खांद्यावर घेतलेलं. त्या मेंढराला तरी जागा मिळाली होती. दर शनिवारी तात्या ती खोली झाडायचे, पलंगाच्या पायांना मुंग्यांची पावडर घालायचे आणि पंखा थोडा वेळ फिरवायचे. "गंजतोय न्हायतर," म्हणायचे.

आणि भिंतीच्या अलीकडे माझी पोरगी पत्र्याच्या पेटीवर भूमिती मांडून बसायची. एका कानाशी आजीचं घोरणं, दुसऱ्या कानाशी बापाचा प्रचाराचा सराव. बापाला सरावाची गरजही होती. त्याने जन्मात मोठ्या माणसांना उपदेश केलेला नव्हता. निमगाव केतकीच्या बाजारात पहिल्यांदा खोक्यावर उभा राहिला आणि तोंडातून निघालं, "ए, गप्प! ओळीत बसा! मागचे पुढे या!" कांदेवाला तराजू घेऊन उठला. शांतवन घाबरला आणि घाबरल्यावर आणखी सवयीवर गेला, "आज कोणी कोणी अंघोळ केली नाही, हात वर करा!"

निम्म्या बाजाराने हात वर केले. एक जण म्हणाला, "मास्तर, गुडगा दुकतोय. हुबं ऱ्हायलं तर चालंल का?"

घरी येऊन शांतवन भिंतीकडे तोंड करून निजला. पण पुढच्या बाजारी दुप्पट माणसं जमली. त्यांना स्वर्गाचं फारसं काही नव्हतं, पण आठवड्यातून एकदा कोणीतरी हक्काने रागावावं असं त्यांना वाटत असावं. कांदेवाल्याने तर नखं कापून आणली होती.

त्याचं बस्तान बसत होतं. सासूबाईंचं पहिल्याच दिवशी बसलं होतं. बसत नव्हतं ते अंजलीचं. एके दिवशी ती प्रमेय मोठ्याने म्हणायला लागली आणि मधेच बापाचं वाक्य घुसलं, "म्हणून त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंनी पश्चात्ताप करा." ती हसली नाही. पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आई, मी नापास होणार."

त्या दिवशी मी ठरवलं, ती खोली घ्यायची.

आधी नवऱ्याला विचारलं. "मंडळाचा नियम आहे," तो म्हणाला. "नियम कोणी केला?" "मंडळाने." याच्यापुढे त्याचा रस्ता संपला.

तात्यांना विचारलं. ते दुखावले. "बाई, माज्याकडं किल्ली हाय, खोली न्हाय. साहेबांनी व्हय म्हनावं, आत्ता उगडतो. त्यांच्या तोंडचं व्हय पायजे."

मग स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून पुण्याला फोन लावला. "साहेब, पोरगी दहावीला आहे. खोली रिकामी आहे. परीक्षेपर्यंत द्या."

"उजागरेबाई," साहेब फार मऊ बोलतात, "मिशनच्या मालमत्तेचा प्रश्न आहे. तुम्ही असं करा, हा विषय प्रार्थनेत ठेवा."

आमच्यात 'प्रार्थनेत ठेवा' याचा अर्थ 'परत फोन करू नका' असा होतो. पण मी तो सरळ घेतला. साहेबांनी सांगितलं ना, ठेवते.

तोपर्यंत शेजारचे बुद्धघोष कांबळे सर मदतीला आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांची प्रियदर्शनीही दहावीला. अंजली पेटीवर वाकून बसलेली त्यांनी पडवीतून पाहिली आणि हिरव्या दाराकडे बोट केलं.

"ती खोली देवाची का हो?"

"नाही, साहेबांची."

"मग देव कुठं झोपतो?"

"आमच्याबरोबर. पडवीत."

सर हसले आणि पोरीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्याकडेही एकच खोली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली दोघी पोरी अभ्यासाला बसायला लागल्या. पण जानेवारीत सरांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरणार होतं. म्हणजे मला नाताळच्या आत खोली हवी होती.

पहिल्या बुधवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "प्रभू, जी मच्छरदाणी उन्हाळ्यापासून एकटीच झोपते आहे, तिचं एकटेपण दूर कर." आणि थांबले. लोकांना वाटलं संपलं. त्यांनी आमेन म्हटलं. मी पुढे चालू केलं, "ज्या पंख्याला फक्त शनिवारी वारा घ्यायला मिळतो, त्याची आठवण ठेव." पुन्हा थांबले. पुन्हा आमेन. तात्यांना खोकल्याची उबळ आली.

सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं. "बाई, ह्ये द्येवाला सांगता का मला?"

"माझे डोळे मिटलेले होते ना तात्या? मग तुम्हाला कसं सांगेन?"

पुढच्या बुधवारी मी टेबलासाठी मागितलं, त्याच्या पुढच्या बुधवारी खुर्चीसाठी. सभेला कधी न फिरकणारी माणसं यायला लागली. वालचंदनगरच्या क्वार्टरमधलं एक कुटुंब मुद्दाम एसटीने यायचं. भाजीवाली तुळसाबाई मला विचारायची, "बाई, ह्या बुधवारी काय मागनार हाय?" आणि सगळ्यांना एक वळण लागलं. मी थांबले की आमेन. म्हातारे, पोरं, सगळे. झोपेत असल्या तरी सासूबाई बरोब्बर म्हणायच्या. तात्या तर इतरांच्या आधी म्हणायचे आणि मग चिडायचे.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात निरोप आला. अध्यक्षसाहेब वालचंदनगरला लग्न लावून इंदापूरला मुक्कामाला येणार. कोणत्या दिवशी येऊ, असं विचारलं होतं. मी कळवलं, बुधवारी या.

तात्यांनी दोन दिवस खोली घासली. चादरीला नीळ घातली. साहेब आले, हिरवं दार उघडलं, त्यांची बॅग पलंगावर गेली. संध्याकाळी पडवीत सभा. दाटीवाटीने माणसं बसली. नाताळचा फराळ होता म्हणून कांबळे सरांनाही बोलावलं होतं. ते मागे खांबाला टेकून बसले. साहेब मधोमध खुर्चीवर. शेवटची प्रार्थना त्यांची, त्यांच्या आधीची माझी. पाळी तशी यावी अशाच जागी मी बसले होते.

साखळी फिरत माझ्यापर्यंत आली. मी डोळे मिटले. पूर्ण नाही.

"प्रभू, अध्यक्षसाहेबांना सुखरूप आणलंस, तुझे आभार."

"आमेन!" सगळे. साहेबही.

"त्यांच्या भाच्याला बोर्डिंगच्या पोरांनी अजून पळवून लावलं नाही, त्याबद्दल आभार."

"आमेन!" साहेबांचं जरा मागून आलं.

"साहेबांनीच मला सांगितलं की खोलीचा विषय प्रार्थनेत ठेवा. असा सल्ला देणारा पुढारी दिलास, आभार."

"आमेन!" साहेबांनी खुर्चीत कूस बदलली. पण बोलणार कसे? मी देवाशी बोलत होते.

"प्रभू, तू जन्माला येणार होतास तेव्हा तुझ्या आईला खोली मिळाली नाही. पण बेथलेहेमच्या लोकांची जागा खरोखरच भरलेली होती रे. त्यांनी रिकाम्या खोलीला कुलूप लावून तुला गोठ्यात नव्हतं पाठवलं. त्यांना क्षमा कर, ते आमच्यापेक्षा बरे होते."

"आमेन!" हे फार मोठं आलं. तात्यांचं तर रडवेलं आलं.

"आणि आमचे शेजारी कांबळे सर, त्यांच्या घराला आशीर्वाद दे. तुझ्या सेवकाच्या लेकीला तुझ्या घरात दिवा मिळाला नाही, तो तिला बुद्धाच्या फोटोखाली मिळाला. आमच्यापेक्षा तुझं काम त्यांनीच जास्त केलं."

"आमेन!" सगळ्यांचं झालं. एका माणसाचं नाही. मी पुढे गेले नाही. थांबूनच राहिले. पडवीत कोणी हलेना. गाडीरस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरला, तरी मी थांबलेली.

मग सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "कुनाचं तरी ऱ्हायलं वाटतं."

साहेबांनी घसा खाकरला. "आमेन."

अध्यक्ष माणूस, मागे राहून पकडला गेला होता. आता पुन्हा मागे राहायचं नाही, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. मी श्वास घेतला.

"आणि प्रभू, साहेबांचं मन मोठं कर, म्हणजे आज या सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने ते अंजलीला परीक्षेपर्यंत ही खोली—"

"आमेन!" साहेब म्हणाले.

सगळ्यांच्या आधी. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी. खणखणीत. मग त्यांचे डोळे उघडले. माझेही उघडे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाकी सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि ती प्रार्थना सगळ्यांची झाली.

आता साहेबांची पाळी. मी त्यांना उगाच कमी लेखलं. मंडळाचा अध्यक्ष माणूस असाच होत नाही. त्यांनी सावकाश डोळे मिटले, आवाज आणखी मऊ केला.

"दयाळू पित्या, उजागरे कुटुंबाने या गावाला किती जीव लावला, हे आज आम्ही पाहिलं. निमगावच्या बाजारात शांतवनची वाट बघणारी माणसं आम्ही पाहिली. ही प्रार्थना करणारी बहीण पाहिली." ते थांबले. अगदी माझ्यासारखे थांबले. "म्हणून प्रभू, यांना बारामतीला परत नेऊ नकोस. यांना इथंच, इंदापुरातच, पुष्कळ वर्षं ठेव."

"आमेन!"

अख्खी पडवी. तात्या, तुळसाबाई, वालचंदनगरवाले, शांतवन. आणि मी. वळण मीच लावलं होतं ना लोकांना, मलाही लागलेलं होतं. तोंडातून निघून गेलं आणि मग कळलं काय निघालं.

साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माणसाला दोन्ही हवं असतं. "आणि पित्या, या खोलीच्या बाबतीत मंडळाच्या पुढील बैठकीत योग्य तो—"

"आमेन!" सासूबाई ओरडल्या, आणि त्याच दमात प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती सुरू झाली की सभा संपते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सगळे त्यांच्या मागोमाग म्हणायला लागले. साहेबांनाही म्हणावी लागली.

उठल्यावर तात्यांनी बंडीची सेफ्टीपिन काढली, किल्ली अंजलीच्या हातात ठेवली आणि साहेबांकडे वळले. "साहेब, बॅग भाईर काडू?"

"तात्या, अहो, प्रार्थनेत माणूस बोलतो. त्याचा तसा शब्दशः अर्थ—"

"तुमी आमेन म्हनला," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ. "द्येवाम्होरं म्हनला. ते खरं नसंल, तर मग आमी येवडी वर्सं काय म्हनतोय?"

पडवीत वारा झोंबत होता. साहेब एकदा सासूबाईंच्या बाजेकडे आणि एकदा आपल्या बॅगेकडे बघायला लागले. तेव्हा खांबापासचे कांबळे सर पुढे आले.

"आमच्याकडे चला, साहेब. खोली एकच आहे. पण कुलूप नाही."

साहेब गेले. बॅग सरांनी उचलली.

लोक पांगल्यावर शांतवन पडवीच्या पायरीवर बसून राहिला. "विनया, आपण आमेन म्हटलं गं."

"म्हटलं."

"पुष्कळ वर्षं म्हणजे किती असतील?"

"तुम्हाला विचारायला हवं होतं. तपशील तुम्ही देता. साहेब मोघमच मागतात."

तो हसला नाही. मीही नाही. बारामतीच्या फाटकातली पोरं आठवली. मग आतून ट्यूबलाइट लागल्याचा टक् आवाज आला. डिसेंबरची थंडी, तरी पंखासुद्धा लागला, आणि आम्ही उठून आत गेलो.

अंजली टेबलाशी बसली होती. कंपासपेटी उघडी, पाठ सरळ. आणि तिच्यामागे मच्छरदाणीच्या आत, निळीच्या चादरीवर, माझी सासू आडवी झालेली.

"आई, हे काय?" मी म्हटलं. "ही खोली अंजलीला मिळाली आहे."

"तिनं करावा की अब्यास. मी कुटं बोलतीय? नुस्ती पडलीय."

"आजी, तू घोरतेस," अंजली म्हणाली.

सासूबाईंनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घेतली आणि डोळे मिटले.

"मला सांगून काय उपेग, पोरी? बुधवारी द्येवाला सांग."